चेचिलिया गोन्झागाचं पदक, ८४.६ मि.मी.: बोली लावू की आधी हिलचे खंड घेऊ?

गिरणाकाठ, भडगाव

नमस्कार मंडळी. युरोपातल्या एका लिलावात पिसानेल्लोचं (१५ व्या शतकातला इटालियन चित्रकार आणि पदककार) चेचिलिया गोन्झागाचं (मांतुआच्या राजघराण्यातली मुलगी) पदक आलंय. वर्णन असं: ब्राँझ, ओतीव, १४४७ च्या मूळ पदकावरून केलेली नंतरची प्रत, व्यास ८४.६ मि.मी., डोक्याच्या वर भोक बुजवलेलं. फोटो फक्त दोन्ही बाजूंचे आहेत, कडेचा एकही नाही. रंग गडद तपकिरी, पण कडेला एका ठिकाणी पिवळट धातू दिसतो. वजन दिलेलं नाही.

माझ्याकडे एकूण सव्वा लाख आहेत, आणि लिलावाचं कमिशन, टपाल, कस्टम सगळं त्यातच बसवायचं आहे. तेवढ्या पैशांत हिलच्या इटालियन पदकांच्या सूचीचे दोन खंड (निदान १९८४ चं पुनर्मुद्रण तरी) येतील असं वाटतं. विचारायचं एवढंच:

व्यासावरून ही प्रत किती नंतरची ते सांगता येतं का? हिलची १९३० ची मूळ आवृत्तीच घ्यावी की पुनर्मुद्रण चालतं? आणि आपल्याकडच्या हवेत ब्राँझ आणि जुनी पुस्तकं एकाच कपाटात राहतात का?

पांझरा, धुळे

भाऊ, बोली लावायची घाई करू नका. आधी कडेचे फोटो मागवा, चारही बाजूंनी, शेजारी मि.मी.ची पट्टी ठेवून. वजनही विचारा. कड न दाखवणाऱ्या विक्रेत्याकडून ओतीव पदक घेऊच नये.

आता व्यास. चेचिलियाच्या चांगल्या जुन्या प्रती साधारण ८६ ते ८८ मि.मी.च्या असतात. तयार पदकावरून साचा घेऊन नवं पदक ओतलं की ते लहान होतं, कारण थंड होताना धातू आकसतो आणि मातीचा साचा वाळताना आकसला तर त्याची भर पडते. दर पिढीला एक ते दोन टक्के घट धरायची. ८७ मि.मी.ला दीड टक्का घट लावली तर पहिली प्रत ८५.७, दुसरी ८४.४. म्हणजे तुमची ८४.६ ची प्रत मूळ ओतकामापासून दोन पिढ्या लांब असण्याची शक्यता मोठी आहे.

पण बठ्ठं काही व्यासावर सोडू नका. तो तीन ठिकाणी फसवतो. एक, प्रत ओतल्यावर कड कानशीने घासून गोल केलेली असते, मग घट आकसण्याची आहे की घासण्याची ते कळत नाही. दोन, काही ओतारी बाहेरून नवी किनार जोडतात आणि लहान झालेलं पदक पुन्हा ‘बरोबर’ मापाचं दिसतं. तीन, इलेक्ट्रोटाइप. त्यात साच्यावर विजेने तांबं चढवतात, ओतकाम नसतं, त्यामुळे आकसणं जवळजवळ नाहीच. १९ व्या शतकात ब्रिटिश म्युझियमसाठी रेडी घराण्याने असे उत्तम इलेक्ट्रोटाइप केले, त्यांतल्या काहींच्या कडेवर ‘आर आर’ किंवा ‘एम बी’ ठसा सापडतो. माप तंतोतंत, बारकावा तंतोतंत, पण कडेवर पूर्ण फेरीची सांध्याची रेघ असते, कारण दोन पातळ कवचं मध्ये शिसं किंवा डाख भरून जोडलेली असतात.

म्हणून माप घ्यायचं ते कडेपासून कडेपर्यंत नाही. चित्रातले दोन पक्के बिंदू निवडायचे, उदाहरणार्थ नाकाचं टोक आणि समोरच्या अक्षराचा पाय, आणि तेच अंतर एखाद्या संग्रहालयाच्या प्रतीवर मोजायचं. तिथे घासकाम पोचत नाही. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीची छायाचित्रं मोठ्या आकारात मोफत मिळतात. व्यास दिलेला असतो, तेवढ्यावरून प्रमाण काढता येतं. आडवा आणि उभा दोन्ही व्यास मोजा, कारण मूळ मेणाचा नमुना हाताने केलेला, तो अगदी गोल नसतो.

मग भिंग घ्या, दहापट. चेचिलियाच्या मागच्या बाजूला चंद्रकोरीखाली बसलेली मुलगी आणि शेजारी बकऱ्यासारखा केसाळ युनिकॉर्न (कल्पित एकशिंगी प्राणी) आहे. उजवीकडे एक दगडी स्तंभ, त्यावर पिसानेल्लोची सही आणि साल. त्या स्तंभावरची अक्षरं सगळ्यांत लहान, म्हणून प्रतीत तीच आधी भरून जातात. युनिकॉर्नची लोकर वेगवेगळ्या झुपक्यांत दिसते की एक लोण्यासारखा गोळा झालाय ते पाहा. अक्षरांच्या पोटात बारीक गोल मणी दिसले तर साच्यात हवेचे बुडबुडे अडकले होते असं समजायचं. सगळ्यांत बोलकी खूण म्हणजे विसंगती: केस बोथट, गाल गुळगुळीत, पण अक्षरांच्या कडा मात्र टोकदार. असं दिसलं की प्रत ओतल्यावर कोणीतरी छिन्नीने अक्षरं पुन्हा कोरली आहेत.

बुजवलेल्या भोकाबद्दल बोललात ते महत्त्वाचं आहे. भोक खरंच पाडून नंतर वेगळ्या धातूने बुजवलेलं असेल तर बुजवणीच्या भोवती रेघ आणि रंगाचा फरक दिसतो, आणि तो दोन्ही बाजूंना समोरासमोर असतो. पण नुसता गोल वळा उमटलेला असेल, धातू एकसंध असेल, तर भोक आईपदकाला होतं आणि तुमची प्रत तिच्यावरून ओतलेली आहे. अशा वेळी तेच भोक त्याच जागी असलेली प्रत हिलच्या चित्रांत किंवा संग्रहालयांच्या नोंदींत सापडली तर प्रत कुठून निघाली तेही कळतं. पदकशास्त्रात एवढा थेट पुरावा क्वचित मिळतो, म्हणून त्या भोकाचा जवळून, तिरप्या उजेडात काढलेला फोटो नक्की मागवा.

बोरीकाठ, अमळनेर

पुस्तकांबद्दल मी सांगतो. जॉर्ज फ्रान्सिस हिल यांचा इटालियन पदकांचा कॉर्पस, म्हणजे समग्र सूची, ब्रिटिश म्युझियमने १९३० मध्ये दोन खंडांत काढला. पहिल्यात मजकूर, दुसऱ्यात २०१ चित्रपत्रं. नोंदी १३३३. बायझंटाईन सम्राट आठवा योहान्नेस पॅलिओलोगस, म्हणजे पिसानेल्लोचं सुरुवातीचं पदक, हिल १९. तुमची चेचिलिया हिल ३७. बेर्तोल्दोचं १४७८ च्या पाझ्झी कटाचं (फ्लॉरेन्समध्ये मेदिची घराण्याविरुद्ध झालेला) पदक हिल ९१५. लिलावाच्या यादीत ‘हिल’ असा आकडा दिसतो तो हाच. एकेका नोंदीखाली कुठल्या संग्रहात कुठली प्रत आहे, ती कशी आहे, ते हिल देतो, आणि खरी किंमत त्या ओळींची आहे. पदक एकटं कधी ओळखता येत नाही, ते भावंडांच्या शेजारी ठेवूनच ओळखायचं असतं.

मूळ की पुनर्मुद्रण? मजकुरासाठी पुनर्मुद्रण पूर्ण चालतं. चित्रांसाठी मूळ आवृत्ती सरस. पुनर्मुद्रणात छापील पानाचा पुन्हा फोटो घेऊन चित्र छापलेलं असतं, त्यामुळे लोकर, केस, अक्षरांच्या कडा असा नेमका आपल्याला हवा तो बारकावा दबतो. पैसे मर्यादित असतील तर पुनर्मुद्रण घ्या आणि चित्रांची तुलना संग्रहालयांच्या संकेतस्थळांवरच्या छायाचित्रांशी करा. पुस्तकातलं चित्र मूळ आकाराचं असेल असं धरून त्यावर पट्टी मात्र लावू नका, मजकुरातला आकडाच घ्या.

हिल सेल्लिनीच्या (१६ व्या शतकातला सोनार आणि शिल्पकार) आधी थांबतो, साधारण १५३० पर्यंत. त्यापुढच्या पदकांसाठी फिलिप ॲटवुड यांचे २००३ चे दोन खंड (ब्रिटनमधल्या सार्वजनिक संग्रहांतली इटालियन पदकं) आणि तोदेरी-वान्नेल यांचे २००० चे तीन खंड लागतात. जर्मन पदकांसाठी हाबिख, १९२९ ते १९३४. कोण कुठला कारागीर ते शोधायला फोरर यांचा आठ खंडांचा चरित्रकोश. एवढं सगळं विकत घेण्याची अजिबात गरज नाही. आर्माँ यांचे तीन खंड (१८८३ ते १८८७), हाइस, फ्रीडलेंडर ही जुनी पुस्तकं इंटरनेट आर्काइव्ह आणि गॅलिकावर (फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं संकेतस्थळ) मोफत आहेत. आर्माँमध्ये चित्रं नाहीत, पण प्रत्येक पदकावरचा लेख, म्हणजे त्यावरची अक्षरं, आणि व्यास आहे, तो मोबाइलमध्ये ठेवा. पोलार्ड यांची नॅशनल गॅलरीची २००७ ची सूचीही गॅलरीच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येते, आणि चेचिलियासाठी मी तरी पहिली तीच उघडेन.

१७ व्या-१८ व्या शतकातली ताम्रपटाची पुस्तकं (तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरून छापलेली), म्हणजे बोनान्नीचं पोपांच्या पदकांवरचं १६९९ चं किंवा व्हेनिसला १७६१ ते १७६३ मध्ये निघालेलं माझ्झुकेल्ली संग्रहाचं, फार देखणी असतात. पण त्यांतलं चित्र कोरणाऱ्याच्या डोळ्यातून आलेलं आहे. त्यावरून प्रत खरी की खोटी ठरवायला जाऊ नका. त्यांचा उपयोग लेख वाचायला आणि पदक त्या काळी कोणाकडे होतं ते शोधायला. घेताना पान तिरप्या उजेडात धरा: खऱ्या ताम्रपटाच्या छपाईला चित्राभोवती चौकोनी दाब उमटलेला असतो, नकलेच्या पानाला नसतो. कागदावरून बोट फिरवलं तरी कळतं.

तापीकाठ, शहादा

बजेट कमी असेल त्यांना लोक पोपांची ठोकून पाडलेली पदकं किंवा फ्रेंच राजांची पदकं सुचवतात. चांगला मार्ग आहे, पण एक लक्षात ठेवा: पदकावर १५ व्या शतकातला पोप आहे म्हणून पदक १५ व्या शतकातलं होत नाही. रोमच्या टांकसाळीत जुन्या ठशांवरून नंतर पुष्कळ पदकं पाडली गेली. ठशांची माझ्झिओची यादी १८२४ मध्ये छापली गेली, ती मार्टिन पाचव्यापासून सुरू होते. ठसा गंजल्यावर पाडलेल्या पदकाच्या सपाट भागावर बारीक उंचवट्यांची पुरळ दिसते.

पॅरिसच्या टांकसाळीचं काम सोपं आहे, कारण कडेवर खूण असते. दिवा १८३२ ते १८४१, जहाजाचा नांगर १८४१ ते १८४२, जहाजाचं नाक १८४२ ते १८४५, बोट दाखवणारा हात १८४५ ते १८६०, मधमाशी १८६० ते १८८०, त्यानंतर फळांनी भरलेलं शिंग. कडेवर शिंग आणि पुढे ‘ब्राँझ’ लिहिलेलं असताना ‘१६ वं शतक’ म्हणून विकायला ठेवलेलं पदक नेहमी दिसतं. पुन्हा तेच, कड बघा.

पादुआच्या काव्हिनोची (१५०० ते १५७०) रोमन नाण्यांसारखी पदकंही परवडतात. त्यातही ठोकलेली वेगळी आणि ओतलेली नक्कल वेगळी, आणि बाजारात बहुतेक नकलाच.

गिरणाकाठ, भडगाव

आप्पा, कडेचे फोटो आले. सांध्याची रेघ नाही. कानशीच्या रेघा पूर्ण फेरीला, एकाच तिरक्या दिशेने. भोकाच्या जागी नुसता वळा आहे, धातू एकसंध दिसतो. स्तंभावरची सही वाचता येते, साल अर्धवट.

आणखी एक विचारतो. जळगावच्या सराफांकडे सोनं तपासायचं कॅरेटमीटर असतं, त्यावर ब्राँझचं पदक तपासून काही कळेल का? म्हणजे पुढे कधी हातात आलं तर.

सुवर्णनगरी, जळगाव

कळतं, पण थोडंच. ते यंत्र क्ष-किरणांनी धातूतले घटक मोजतं, मात्र दुकानातली जोडणी सोन्या-चांदीसाठी केलेली असते. तांबं, कथील, जस्त, शिसं हे आकडे ते दाखवेल, ते अंदाज म्हणूनच घ्यायचे. शिवाय ते फक्त पृष्ठभाग वाचतं. पदकावर सोन्याचा मुलामा असेल, तर आकडा त्या थराचा येतो. कडेवरची झिजलेली, उघडी जागा शोधा आणि तीन वेगवेगळ्या ठिकाणी मोजा. तपासण्यासाठी म्हणून घासू नका, दुकानातल्या माणसालाही आधीच सांगून ठेवा, नाहीतर सवयीने कसोटीच्या दगडावर घासून मोकळा होईल.

जस्ताचा आकडा कामाचा. जुन्या पद्धतीत तांब्याबरोबर जस्ताचं खनिज भट्टीत भाजून पितळ करत, त्यात जस्त साधारण २८ ते ३० टक्क्यांच्या वर जात नाही. तीनही ठिकाणी ३५ च्या पुढे आलं तर धातू अलीकडचा. उलट कमी जस्त आलं म्हणून पदक जुनं ठरत नाही, कारण १९ व्या शतकातही लोक साधं ब्राँझ ओततच होते. म्हणजे ही चाचणी नाकारायला उपयोगी, स्वीकारायला नाही.

पांझरा, धुळे

कडेचं वर्णन वाचून माझं मत: एका भोक पडलेल्या प्रतीवरून ओतलेली प्रत, बहुधा १९ व्या शतकातली, कड घासून नीट केलेली. विक्रेत्याने ‘नंतरची प्रत’ म्हटलंय, म्हणजे लपवलेलं काही नाही. अशी प्रत अभ्यासाला चांगली असते, फक्त किंमत प्रतीचीच द्यायची. कमिशन २५ टक्के असेल तर ६०,००० ची बोली ७५,००० ला पडते, वर टपाल आणि कस्टम. या पदकासाठी मी त्याच्या निम्म्यालाही गेलो नसतो.

कायद्याचंही डोक्यात ठेवा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात १०० वर्षांहून जुनी नाणी आणि कलावस्तू येतात, आणि त्या देशाबाहेर न्यायला खासगी माणसाला बंदी आहे. व्याख्येत वस्तू भारतातच घडलेली हवी अशी अट नाही. म्हणून इथे आणलेलं जुनं पदक पुढे युरोपच्या लिलावात परत विकू, हा हिशोब धरून पैसे घालू नका. आयातीची कागदपत्रं, लिलावाचं बिल, पाकिटावरचं लेबल सगळं सांभाळून ठेवा. वस्तू इटलीतून येत असेल तर ७० वर्षांपेक्षा जुन्या वस्तूचे निर्यातीचे कागद विक्रेत्याकडून आधीच मागा.

रानकेळी, रावेर

साठवणीचं कोणीच सांगितलं नाही, तर मी सांगते. दादा, ब्राँझ आणि पुस्तकं एका कपाटात ठेवू नका. ब्राँझला कोरडं हवं, आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास किंवा खाली. पुस्तकाला, त्यातही चामडी किंवा चर्मपत्री बांधणीला, ४५ ते ५५ लागते. कमी झाली की चर्मपत्राचे पुठ्ठे वाकतात आणि चामडं कोरडं होऊन तडकतं.

आपल्याकडे खरी अडचण कूलरची. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४५ अंश आणि हवा कोरडी ठाक, पण कूलर लावला की त्या खोलीतली आर्द्रता तासाभरात दुप्पट होते, बंद केला की पुन्हा खाली. हे रोजचं चढ-उतार पावसाळ्यापेक्षा वाईट. संग्रह कूलरच्या खोलीत ठेवूच नका. वरच्या मजल्यावर तापणाऱ्या स्लॅबखाली नको, पश्चिमेच्या भिंतीला टेकून नको. धाब्याच्या घरात छताची माती झडते, तिथे पुस्तकांवर सुती कापडाचं आच्छादन लागतं. आर्द्रतामापक दोनतीनशे रुपयांना मिळतो, एक डब्यात आणि एक कपाटात ठेवा.

पदकासाठी घट्ट झाकणाचा पॉलिप्रॉपिलीनचा डबा, पाच लिटरच्या डब्यात शंभर ग्रॅम सिलिका जेल, नारंगी दाण्यांची. रंग उडाला की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास कोरडी करायची. नाण्यांसाठी मिळणारी मऊ पीव्हीसीची पाकिटं वापरू नका, त्यांतून सुटणाऱ्या द्रव्याने धातूवर हिरवा चिकट थर येतो. रबरबँड आणि लोकरी फेल्ट यांत गंधक असतं, त्याने काळं पडतं. शिशाची पदकं असतील तर प्लायवुड किंवा एमडीएफचं कपाट अजिबात नको, त्यांतून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिशावर पांढरी पूड धरते. रंगवलेलं लोखंडी कपाट बरं.

ब्राँझवर खड्ड्यात फिक्या हिरव्या रंगाची भुसभुशीत पूड दिसली, आणि पुसून पुन्हा आली, तर तो क्लोराइडचा रोग. ते पदक लगेच वेगळ्या डब्यात कोरडं ठेवा आणि संवर्धकाकडे द्या. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारता येईल. घरी चिंच, लिंबू, भांडी घासायची पावडर यांतलं काहीही लावू नका. सणाला तांब्या-पितळेची भांडी घासायला काढतात तेव्हा पदक कुलुपात असलेलं बरं. एकदा तो तपकिरी थर गेला की परत येत नाही, आणि लेखाच्या कडाही त्याच्याबरोबर झिजतात.

पुस्तकांत कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला ठेवतात, तो पूर्ण वाळलेला हवा, ओलसर पाल्याने पानावर डाग पडतो. ॲटवुड, पोलार्ड यांची पुस्तकं चकचकीत आर्ट पेपरवर आहेत. हा कागद भिजला की पानं एकमेकांना चिकटतात आणि सुटत नाहीत, म्हणून ती खालच्या फळीवर नकोत. हिलसारखे मोठे खंड आडवे झोपवून ठेवा, उभे ठेवले तर पानांच्या वजनाने शिवण ओढली जाते.

गिरणाकाठ, भडगाव

ताई, आप्पा, सगळ्यांचे आभार. बोली लावत नाही. आता एका जुन्या पुस्तकविक्रेत्याकडे हिलचा १९३० चा फक्त दुसरा, चित्रांचा खंड आहे. ग्रंथालयाचा शिक्का मारलेला, पुठ्ठा सुटलेला, म्हणून स्वस्त. एकटा खंड घ्यावा का?

बोरीकाठ, अमळनेर

घ्या. चित्रं मूळ आवृत्तीची आणि मजकूर पुनर्मुद्रणातला, ही जोडी वापरायला उत्तम. नोंदींचे क्रमांक दोन्हीकडे तेच आहेत. पैसे पाठवण्याआधी विक्रेत्याला १ ते २०१ पर्यंत चित्रपत्रं मोजायला सांगा आणि मोजल्याचं लेखी घ्या. ग्रंथालयाच्या प्रतीतून गाजलेल्या पदकांची पानं कापलेली असतात, त्यामुळे पिसानेल्लोची सुरुवातीची पत्रं एकेक करून पाहायला लावा. शिक्का चित्रावर आहे की पानाच्या पाठीवर तेही विचारा, पाठीवरचा असेल तर चित्राच्या बाजूने शाई फुटून आली आहे का ते बघा. आणि ग्रंथालयाने प्रत रद्द केल्याचा शिक्का किंवा पत्र हवंच, नाहीतर पुस्तक चोरीचं असू शकतं.

सुटलेल्या पुठ्ठ्याला फेव्हिकॉल किंवा सेलोटेप लावू देऊ नका. पुठ्ठे जागेवर ठेवून आडव्या-उभ्या सुती फितीने बांधा आणि आम्लरहित पुठ्ठ्याच्या पेटीत ठेवा. बांधणी नंतर सावकाश करता येते.